विकला न गेलेला मासा: पूर्व विदर्भातल्या एका कार्प हॅचरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव, हजारोंनी आहेत. बहुतेक तलावांवर ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्था मासेमारी करतात. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची, थंडीत थोडंथोडं काढायचं आणि उन्हाळ्यात तलाव आटत आला की ओढजाळ लावून उरलेलं सगळं बाहेर काढायचं, असा वर्षाचा फेरा असतो. या धंद्यातला पहिला प्रश्न बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, कुठून आणायचं हा. एकेकाळी ते कलकत्त्याहून रेल्वेने यायचं. पिशव्यांत किती मेलं आणि किती जगलं, ते स्टेशनावर उतरल्यावरच कळायचं.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घेऊन दाखवली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या प्रयोगाने बीजाची टंचाई संपली, हे सगळे सांगतात. त्याच दिवसापासून माशांचे आई-बाप कोण हे नदीऐवजी माणूस ठरवू लागला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

या प्रकरणातली हॅचरी, म्हणजे माशांकडून अंडी घेऊन बीज तयार करायची जागा, खासगी आहे. चायनीज पद्धतीच्या गोल टाक्या, ब्रूडरचे (अंडी घेण्यासाठी राखलेल्या मोठ्या माशांचे) दोन तलाव, संगोपनाचे सहा-सात छोटे तलाव. सुमारे वीस वर्षांपूर्वी मालकाने दोन ठिकाणांहून चाळीसेक मोठे मासे आणून सुरुवात केली. त्यानंतर बाहेरचा एकही मासा आत आला नाही. रोग येईल ही भीती होतीच, शिवाय ‘आपलं बीज आपल्याच घरचं’ हा अभिमानही होता. आसपासच्या पंधरा-वीस संस्था इथूनच बोटुकली नेत. मालक हिशेबाला चोख, इंजेक्शनला हात हलका, अंडी फुटण्याचं प्रमाणही चांगलं. म्हणजे हॅचरी वाईट चालवली जात होती, असं मुळीच नाही.

अडचण

तक्रार यांपैकी एका संस्थेच्या अध्यक्षांकडून आली. ते गेली अनेक वर्षं इथलंच गिऱ्हाईक. “भाऊ, खाद्य तेच, तलाव तोच, पण मासा वाढूनच नाही राहिला,” हे त्यांचं पहिलं वाक्य. पूर्वी वर्षभरात पाऊण किलोच्या पुढे जाणारा रोहू आता अर्धा किलोही धड भरत नव्हता. बाजारात त्या वजनाला भाव निम्म्यावर येतो. दुसरी तक्रार जास्त विचित्र होती. जाळ्यात असे मासे येत होते की व्यापारी त्यांना कटला म्हणून घेईना आणि रोहू म्हणूनही घेईना. डोकं मोठं, अंग लांबट, तोंड ना धड वर वळलेलं ना धड खाली. कोळणींनी त्याला नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरी गोष्ट अध्यक्षांनी जाता जाता सांगितली: काही माशांचा कणा वाकडा, काहींच्या कल्ल्यावरचं झाकण आखूड.

मालकाचं उत्तर ठरलेलं होतं. तलावात गाळ साचलाय, संस्था शेणखत टाकत नाही, बोटुकली दाट सोडते, मग मासा वाढणार कसा? यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. म्हणूनच हे भांडण दोन हंगाम चाललं. दोन्ही बाजूंकडे खरी कारणं होती, आणि कोणाचं कारण किती वजनाचं हे मोजायचा मार्ग कोणाकडेच नव्हता.

पहिला निर्णय: दोष बीजाचा की पाण्याचा?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो स्वस्तही होता. वाद मिटवायला प्रयोगशाळा लागली नाही. एकच तलाव घ्यायचा, त्यात या हॅचरीची आणि लांबच्या दुसऱ्या एका हॅचरीची रोहूची बोटुकली एकत्र सोडायची, आणि वर्षाअखेरीस वजन करायचं. पाणी, खाद्य, गर्दी सगळं सारखं असेल, तर जो फरक उरेल तो बीजाचा.

एकत्र सोडलेले मासे ओळखायचे कसे? पोटावरच्या जोडपरांपैकी एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा पर बुंध्यापासून कापायचा. वरवर कापला तर पर पुन्हा फुटतो आणि वर्षअखेर गोंधळ होतो, म्हणून मध्ये एकदा जाळं ओढून खुणा तपासल्या. दुसरी काळजी जास्त महत्त्वाची होती. दोन्हीकडची बोटुकली आधी वेगवेगळ्या हाप्यांत (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत) ठेवून सारख्या वजनाला आणली आणि मगच सोडली. सोडताना पाच ग्रॅम मोठी असलेली बोटुकली खाद्यावर आधी पोचते आणि वर्षअखेर तोच फरक शंभर ग्रॅमचा दिसतो. मग आपण बीजाचं श्रेय म्हणून नुसत्या सुरुवातीच्या आकाराचं श्रेय मोजत बसतो.

दहा महिन्यांनी जाळं ओढलं. बाहेरच्या रोहूची सरासरी ५६० ग्रॅम, या हॅचरीच्या रोहूची ४३०. वाकडा कणा आणि आखूड झाकण असलेले मासे दोन्ही गटांत होते, पण इथल्या गटात स्पष्टपणे जास्त. एकच तलाव, एकच वर्ष. एवढ्यावरून आकड्याची बारीक अचूकता कोणी सांगू नये. पण फरकाची दिशा नाकारण्याजोगी नव्हती. आणि बाहेरचा रोहूही संस्थेला हवा तेवढा वाढला नव्हता, म्हणजे गाळाचं आणि खताचं मालकाचं म्हणणंही अर्धं खरं ठरलं. दोघेही थोडे नरमले. पुढचं काम त्यामुळेच होऊ शकलं.

वाकड्या कण्याबद्दल इथेच एक सूचना. प्रत्येक बाक जनुकांतून येत नाही. लहानपणी क जीवनसत्त्व कमी पडलं, अंड्यांना प्राणवायू कमी मिळाला, वाहतुकीत मार बसला, तरी कणा वाकतो. एकाच पाण्यात दोन गटांत वेगवेगळं प्रमाण दिसलं म्हणून इथे जनुकांचा संशय घट्ट झाला. नुसते वाकडे मासे पाहून तो निष्कर्ष काढता आला नसता.

नेमकं काय घडत होतं

हॅचरीत दोन दिवस बसून वर्षभराचा क्रम मालकाकडून वदवून घेतला, तेव्हा तीन वेगवेगळे दोष एकमेकांवर चढलेले दिसले.

पहिला दोष तराजूवरचा. हॅचरी बोटुकलीबरोबर खाण्याचा मासाही विकायची. थंडीत व्यापारी आला की आधी मोठा मासा उचलायचा, कारण भाव त्यालाच. होळीपर्यंत तीन-चार वेळा जाळं ओढलं जायचं आणि जे उरायचं ते ब्रूडरच्या तलावात जायचं. म्हणजे दर वर्षी सर्वांत झपाट्याने वाढणारे मासे बाजारात आणि मागे पडलेले मासे पुढच्या पिढीचे आई-बाप. कोणी मुद्दाम असं ठरवलं नव्हतं, व्यवहाराच्या सोयीने ते आपोआप ठरत गेलं. मोठा मासा विकू नको असं सांगणारा घरात कोण असणार?

याचा परिणाम कागदावर मांडता येतो. माशांच्या वाढीतला सगळा फरक वारशाचा नसतो. कोणाला खाद्य जास्त मिळालं, कोण आधी जन्मला, यानेही वजन बदलतं. समजा फरकाचा चौथा हिस्सा आई-बापाकडून पिल्लांत उतरतो. तलावाची सरासरी ८०० ग्रॅम असताना ६०० ग्रॅम सरासरीचे मासे ब्रूडर म्हणून राखले, तर तूट २०० ग्रॅमची, आणि पुढच्या पिढीत उतरणारी तूट तिच्या चौथाईची, म्हणजे ५० ग्रॅम. एका पिढीत ती कोणाच्या लक्षातही येत नाही, पावसाच्या लहरीत लपून जाते. वीस वर्षांत रोहूच्या सहा-सात पिढ्या होतात.

त्यात एक पोटदोष. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं बीज महाग विकलं जातं, म्हणून जी मादी आधी पिकते तिला आधी इंजेक्शन. लवकर पिकणारी मादी लहान असतानाच शरीरातला जोर अंड्यांकडे वळवते. वर्षानुवर्षं तिचीच पिल्लं राखली की वाढण्यापेक्षा पिकण्याची घाई असलेला वाण तयार होतो. इथल्या तलावात अर्धा किलोच्या आतल्या माद्या पोटात अंडी घेऊन फिरताना दिसल्या, ते याचंच लक्षण असावं.

दुसरा दोष संख्येचा. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या वर अंडी देते. त्यामुळे हॅचरीला खूप माशांची गरजच पडत नाही. एका रात्रीत आठ माद्या आणि चार नर टाकीत सोडले की पंधरा-अठरा तासांत लाखो पिल्लं फुटतात आणि तिसऱ्या दिवशी जिरे (अगदी बारीक पिल्लं) विकायला तयार होतात. हा या धंद्याचा मोठा फायदा आहे, आणि सापळाही तोच. ‘माझ्याकडे पंच्याहत्तर ब्रूडर आहेत’ असं मालक सांगत. त्यांत साठ माद्या आणि पंधरा नर. पण वारशाच्या हिशेबात पंच्याहत्तर मासे पंच्याहत्तर म्हणून मोजले जात नाहीत. पुढच्या पिढीतली निम्मी जनुकं नरांकडून येतात, मग नर कितीही थोडे असोत. त्यासाठी सोपं गणित आहे: नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याला चारने गुणायचं आणि एकूण संख्येने भागायचं. साठ आणि पंधराचं उत्तर ४८ येतं. पिढीमागे अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांचा संकर) किती वाढेल हे काढायला एकाला या संख्येच्या दुपटीने भागायचं. ४८ ला ते सुमारे १ टक्का, म्हणजे चालण्यासारखं.

खरी गोम पुढे होती. नवे ब्रूडर राखायचे ते मालक बहुतेक वर्षी एकाच रात्रीच्या घाण्यातून, म्हणजे एका वेळी टाकीत काढलेल्या बीजातून, राखत, हंगामातला जो घाणा ‘जमला’ त्यातून. आठ माद्या, चार नर: उत्तर अकरालाही कमी. दर पिढीला अंतःप्रजनन पावणेपाच टक्क्यांनी वाढणार. आणि पुढच्या वेळी टाकीत सोडलेले नर-मादी सख्खी भावंडं असण्याची शक्यता मोठी. १९८०च्या दशकात कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा असाच हिशेब संशोधकांनी केला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंतःप्रजननाचा दर २ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान आढळला. म्हणजे आपली हॅचरी काही जगावेगळी नव्हती.

भावंडांच्या संकराने बिघडतं काय? प्रत्येक माशात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली प्रत बहुतेक वेळा काम भागवते, मासा धडधाकट दिसतो आणि दोष दडून राहतो. असे दोन दडलेला दोष असलेले मासे एकत्र आले की सरासरीने चार पिल्लांत एकाला दोन्ही प्रती सदोष मिळतात. परक्या नर-मादीत एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता कमी. सख्ख्या भावंडांत तो एकाच आजीकडून आलेला असू शकतो. शिवाय दिसण्यासारखं व्यंग हा याचा छोटा भाग. अंडी कमी फुटणं, पिल्लं जास्त मरणं, वाढ खुंटणं, रोगाला लवकर बळी पडणं, हे असंख्य बारीक दोष एकत्र येऊन घडतं आणि त्याला नाव ठेवता येत नाही.

तिसरा दोष सरमिसळीचा. कटल्याचे पिकलेले नर हंगामाच्या शेवटी कमी पडत. मादी तयार, इंजेक्शन दिलेलं, नर नाही. मग रोहूचे नर सोडले जात. कधी पाणी आणि वीज वाचवायला दोन जाती एकाच गोल टाकीत. तिथे प्रवाहात कोणाची अंडी आणि कोणाचा वीर्यरस, कोण पाहतंय! घोडा आणि गाढवाच्या संकरातून खेचर होतं आणि प्रकरण तिथेच थांबतं, कारण खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत. माशांत ही सोय नाही. रोहू, कटला, मृगळ या तिघांतही गुणसूत्रं पन्नासच. आईची पंचवीस आणि बापाची पंचवीस जुळतात आणि संकरित मासा स्वतःही प्रजननक्षम असतो. हेच मासे ‘रोहूसारखे’ म्हणून ब्रूडरच्या तलावात शिरले होते.

पहिल्या पिढीचा संकर डोळ्यांनी ओळखता येतो: डोकं मधलं, ओठाची झालर अर्धवट, अंगाची उंची मधली. पण तो रोहूशी पुन्हा जुळला की पिल्लात तीन हिस्से रोहू आणि एक हिस्सा कटला, आणि ते पिल्लू जवळजवळ रोहूच दिसतं. आणखी एक पिढी गेली की अनुभवी माणूसही फसतो. संस्थेचं नुकसान नुसतं भावाचं नव्हतं. तलावात कटला वरच्या थरात सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिघांना एकत्र सोडण्यामागचा हिशेबच तो आहे. अर्धवट मासे आले की वरचा थर रिकामा राहतो आणि मधल्यात गर्दी होते.

तोललेले पर्याय

सगळे ब्रूडर काढून टाकायचे आणि कोरी सुरुवात करायची, हा सर्वांत स्वच्छ पर्याय होता. पण रोहूची मादी पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढे हंगाम हॅचरी बंद ठेवली तर गिऱ्हाईक कायमचं जातं. मालकाने हा पर्याय ऐकूनही घेतला नाही, आणि त्यांच्या जागी कोणीही ऐकला नसता.

नदीतून मासे आणायचे, हा पर्याय कानाला गोड वाटला. पण अंडी घालायच्या दिवसांत नदीत जाळं टाकायला बंदी असते, आणि धरणांत वर्षानुवर्षं हॅचरीचंच बीज सोडलं गेल्यामुळे नदीतला प्रत्येक रोहू जंगली असेल याची खात्री कोणी द्यायची?

सुधारित रोहू आणायचा पर्याय मोलाचा होता. भुवनेश्वरच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने रोहूचा वाण तयार केला. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतले मासे आणि संस्थेतला वाण एकत्र करून ही सुरुवात झाली होती. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हा वाण ‘जयंती’ नावाने बाहेर आला. दर पिढीला वाढीत १७-१८ टक्क्यांची सुधारणा त्यात नोंदली गेली. म्हणजे इकडे तराजू जे उलट्या दिशेने करत होता, तेच तिकडे सरळ दिशेने आणि मोजून-मापून केलं होतं. अडचण एवढीच की ‘जयंती’ म्हणून विकलं जाणारं सगळंच जयंती नसतं. एका व्यापाऱ्याने स्वस्तात देऊ केलेली पहिली खेप मालकाने कागद मागितल्यावर गायब झाली. तो मागितलेला कागद त्यांचे निदान तीन हंगाम वाचवून गेला असावा.

चौथा पर्याय शेजारच्या हॅचरीशी नरांची अदलाबदल. खर्च नाही, वाहतूक तासाभराची, उन्हाळ्यातच होण्यासारखी. सगळ्यांचं मत याच बाजूला झुकलं होतं. व्यवहार ठरायच्या आदल्या आठवड्यात हॅचरीतला जुना कामगार सहज म्हणाला, “त्यायचे मासे म्हणजे आपलेच ना जी. त्यायनं हॅचरी टाकली तवा बोटुकली आपूनच देली होती.” शेजारच्या हॅचरीचा सगळा वाण याच तलावातून गेलेला. नर बदलले असते, तरी नवं रक्त म्हणून आपलीच पुतणी परत आली असती. कामगाराला कोणी विचारलं नव्हतं. तो चहा पिता पिता बोलला.

केलेली कृती

शेवटी जो मार्ग निघाला तो या पर्यायांचा मिलाफ होता, आणि जात पाहून वेगळा होता.

रोहूसाठी अधिकृत ठिकाणाहून कागदपत्रांसह जयंतीची बोटुकली आणली आणि दूरच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या हॅचरीतूनही एक खेप घेतली. तयार ब्रूडर आणायचा मोह होता. पण मोठा मासा लांबच्या प्रवासात मार खातो, आणि वीस मोठ्या माशांच्या पैशांत पाचशे बोटुकल्या येतात. त्याही अनेक जोड्यांच्या पिल्लांतून मिसळून घेतल्या, तर वारशाची विविधता कितीतरी जास्त. किंमत अशी की अडीच-तीन वर्षं थांबायचं. तोवर जुन्या माशांवर हंगाम ओढायचा, फक्त नर-माद्या वेगवेगळ्या वर्षांच्या घाण्यांतल्या निवडायच्या, म्हणजे निदान सख्खी भावंडं एकत्र येणार नाहीत.

नवी बोटुकली थेट तलावात न सोडता महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवली. दुसऱ्या खेपेवर माशांच्या उवा निघाल्या. त्या तिथेच निपटल्या. मालकाची वीस वर्षांची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

जुन्या ब्रूडरची छाननी एप्रिलमध्ये झाली. ओठ, मिशा, डोकं, अंगाची उंची पाहून शंका आली की मासा बाजारात. जनुकीय तपासणीला शेपटीच्या पराचे तुकडे पाठवावेत असा विचार निघाला होता. खर्च आणि वेळ पाहता तो सोडला आणि त्याऐवजी शंका असलेला प्रत्येक मासा काढायचं ठरलं. कटल्याचे जवळपास निम्मे मासे यात गेले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कटल्याचं बीज मागणीच्या मानाने फार कमी निघालं, आणि दोन संस्था दुसरीकडे गेल्या. एका टाकीत एकच जात, आणि नर संपला तर मादी परत तलावात, हा नियम तेव्हापासून आहे. इंजेक्शन दिलेली मादी परत सोडायची म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्या हंगामात हा नियम पाळताना मालकाचा जीव तुटत होता.

सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड बदल तराजूचा. ब्रूडर राखायचे ते थंडीतलं पहिलं जाळं ओढतानाच, व्यापाऱ्याला बोलवायच्या आधी. त्यातही डोळ्यांना भरेल तो सर्वांत मोठा मासा उचलायचा नाही, कारण वेगवेगळ्या वयाच्या गर्दीत सर्वांत मोठा मासा पुष्कळदा फक्त सर्वांत जुना असतो. एकाच घाण्यातल्या, सारख्या वयाच्या माशांतून वरचे निवडायचे. हंगामातल्या आठ-दहा घाण्यांतून प्रत्येकी सारखे निवडायचे. नर आणि माद्या जमतील तितक्या बरोबरीने. पन्नास माद्या आणि पन्नास नर ठेवले तर तोच हिशेब १०० वर जातो आणि अंतःप्रजनन पिढीमागे अर्ध्या टक्क्यावर येतं. नर जास्त पोसायचे म्हणजे पेंड आणि कोंडा जास्त. मालकाने वहीत तोही खर्च लिहिला.

निष्पत्ती

नव्या माद्या पिकल्या तेव्हा त्या जुन्या, छाननीतून उरलेल्या नरांशी जुळवल्या आणि त्यांची पिल्लं पुन्हा त्याच पद्धतीने, पर कापून, जुन्या वाणाबरोबर एकत्र वाढवली. या वेळी दोन तलाव घेतले, कारण पहिल्या चाचणीवर अध्यक्षांनीच “एका तलावाचा काय भरोसा” म्हणून बोट ठेवलं होतं. दोन्हीकडे नवी पिल्लं जुन्यापेक्षा वरचढ, सरासरी चौथाईने. वाकड्या कण्याचे मासे नव्या गटात क्वचित दिसले.

इथेच पुढची चूक दबा धरून बसली होती. मालकाला वाटलं काम झालं, आता या पिल्लांतूनच ब्रूडर राखायचे. पण परक्या दोन वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीला जो जोम येतो, तो काही अंशी उसना असतो. एका वाणाचे दडलेले दोष दुसऱ्याच्या चांगल्या प्रतींनी झाकले जातात. हीच पिल्लं आपसांत जुळली की प्रती पुन्हा वाटल्या जातात आणि जोमातला तो भाग साधारण निम्म्यावर येतो. निवडीने मिळवलेली वाढ टिकते. झाकपाकीने मिळालेली अर्धी गळते. म्हणून ठरलं असं की संस्थांना विकायची बोटुकली संकराची द्यायला हरकत नाही, पण जयंतीचा शुद्ध गट वेगळ्या तलावात स्वतंत्र राखायचा आणि ब्रूडरची निवड तिथूनच करायची. तलाव सहा-सात. त्यातला एक असा अडकवून ठेवायला मालक तयार झाले ते दुसऱ्या चाचणीचे आकडे वहीत स्वतःच्या हाताने लिहिल्यावर.

संस्थेच्या तलावातला मासा किती सुधारला? दोन हंगामांत वाढ दिसते आहे, पण त्याच काळात संस्थेने गाळही काढला आणि खतही घातलं. त्यामुळे सगळं श्रेय बीजाला देणं अध्यक्षांना मान्य नाही, आणि ते बरोबर आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या वाणाचा छोटा गट मुद्दाम तसाच राखला असता, तर दर वर्षी तुलनेला माप मिळालं असतं. छाननीच्या भरात तो फार कमी उरला आणि पुढच्या चाचण्यांना पुरणार नाही.

कटल्याची छाननी दोन वर्षांत विभागायला हवी होती. शंका आहे म्हणून निम्मे मासे एका झटक्यात काढल्यावर उरलेल्यांची संख्या इतकी घटली की सरमिसळ थांबवताना अंतःप्रजननाला दार उघडलं. स्पष्ट संकर आधी काढायचे, शंकेचे मासे बाहेरचा कटला येईपर्यंत वेगळे ठेवायचे, असं करता आलं असतं. तपासणीचा खर्च सगळ्या माशांवर नाही, तरी कटल्याच्या शंकेच्या माशांवर करणं परवडलं असतं, असं मला वाटतं. मालक याच्याशी सहमत नाहीत.

आणि वंशावळीची वही पहिल्या दिवसापासून हवी होती. कुठल्या वर्षी कोणत्या घाण्यातून किती नर, किती माद्या, बीज कोणाला दिलं, एवढंच. ती वही असती तर शेजारच्या हॅचरीचं नातं कामगाराच्या आठवणीवर अवलंबून राहिलं नसतं.

सध्या रोहूचा प्रश्न मार्गी लागला आहे, कटल्याचा नाही. तलावात पस्तीस माद्या आणि बावीस नर आहेत, हिशेबाने ५४. बाहेरून आणलेली कटल्याची बोटुकली पिकायला अजून दोन हंगाम आहेत. तोवर मागणीएवढं बीज निघणार नाही, हे मालकांनी अध्यक्षांना आधीच कळवलं आहे. संस्थेने यंदा कटल्याचं निम्मं बीज दुसरीकडे बुक केलं. बुक करण्यापूर्वी तिथे फोन करून ब्रूडर कुठून आणलेत ते विचारलं.